दुकानात आवडलेली वाइन घरी बिघडते कशी?

लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न असा: "आमच्या कोपऱ्यावरच्या वाइनच्या दुकानात येत्या शनिवारी इटालियन वाइन्सची टेस्टिंग आहे. माणशी 20 पौंड, सहा वाइन्स: प्रोसेक्को, सोआवे क्लासिको, बार्बेरा दास्ती, कियान्ती क्लासिको, बारोलो आणि अमारोने. मागे एकदा अशाच कार्यक्रमाला गेलो होतो. सगळ्यांत आवडलेली बाटली घेऊन आलो, रविवारी मटणाच्या रश्श्यासोबत उघडली, तर दोन घोटांच्या पुढे जाईना. आमची जीभ कच्ची आहे की दुकानदाराने फसवलं? या वेळी नेमकं काय बघायचं?"

ताई, जीभही ठीक आहे आणि दुकानदारानेही बहुतेक फसवलेलं नाही. गेली अठरा वर्षं मी इथे इंग्लंडात वाइनच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे आणि असे शनिवार स्वतः मांडते, म्हणून आतली गोष्ट सांगते. टेस्टिंगच्या टेबलावर वाइन एकटी असते. सोबत जेवण नाही, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढची वाइन येते. अशा ठिकाणी जी मऊ आहे, किंचित गोडसर आहे, जिच्यात अल्कोहोल भरपूर आहे ती पहिल्याच घोटाला मन जिंकते. ती घरी नेऊन तिखट रश्श्यापुढे ठेवली की तीच अंगावर येते.

या खेळात सगळ्यांत जास्त नुकसान इटालियन वाइनचं होतं. ती जेवणाच्या ताटासाठीच घडलेली आहे. तिचा सगळा जोर आंबट आणि तुरट या दोन चवींवर असतो, आणि या दोन्ही चवी पोटात काही नसताना कोणालाच फारशा आवडत नाहीत. नुसती चिंच कोण चोखत बसतं? आमटीत मात्र तीच लागते. त्यामुळे शनिवारी "यातली मला आवडली कोणती?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न "ही कशाबरोबर खाल्ली-प्यायली जाईल?" हा असू द्या.

यात मराठी माणूस दोन पावलं पुढेच असतो. आमच्या इंग्रज गिऱ्हाइकांना टॅनिन, म्हणजे वाइनला तुरट करणारा घटक, समजावताना माझी दमछाक होते. वाइनमध्ये साखर नसली तरी ते 'ड्राय' म्हणतात आणि तोंड कोरडं पडलं तरी 'ड्राय'च म्हणतात, मग कोणता ड्राय ते विचारत बसावं लागतं. आपल्याकडे तुरट हा सरळ शब्द आहे, सहा रसांतला एक. कच्चं केळं, अर्धवट पिकलेलं जांभूळ, सुपारीचं खांड, आवळा. हिरड्या-गालांना जी ओढ बसते ती. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. शेजारी मांसाचा किंवा चीजचा घास असला तर टॅनिनला पकडायला दुसरी प्रथिनं मिळतात आणि तुरटपणा निम्मा होतो. मिठानेही तो उतरतो.

म्हणूनच इथल्या धंद्यात एक जुनी म्हण आहे: वाइन घ्यायची तर सफरचंद खाऊन घ्यावी आणि विकायची तर चीज खायला घालून विकावी. सफरचंदामुळे वाइनचे दोष उघडे पडतात, चीजमुळे झाकले जातात. दुकानात चीजची ताटली ठेवलेली असेल (मीही ठेवते, खोटं कशाला बोलू) तर पहिला घोट कोऱ्या तोंडाने घ्या, मग साधा पाव खाऊन दुसरा आणि शेवटी चीजबरोबर तिसरा. तीन घोटांत वाइन किती बदलली ते टिपून ठेवा. कोऱ्या तोंडाला आंबट-तुरट वाटलेली जी वाइन घासाबरोबर एकदम उमलते, ती तुमची रविवारची वाइन. पहिल्या घोटाला गोड वाटलेली आणि चीजबरोबर थंड पडलेली तिथेच राहू द्या.

जाण्याआधीची तयारी थोडीच आहे. अत्तर, परफ्यूम, मोगऱ्याचा गजरा नको. तुमच्यासाठी नाही, शेजारच्यासाठी. वेलची, बडीशेप, कॉफी तासभर आधी बंद. पोटभर जेवून जा. आणि गाडी घरी ठेवा. सहा वाइन्स चाळीस-चाळीस मिलिलिटर म्हटलं तरी 240 मिलिलिटर होतात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश बाटली. टेबलावर जे भांडं ठेवलेलं असतं ते थुंकण्यासाठीच. आपल्याला लहानपणापासून "चारचौघांत थुंकू नये" हे शिकवलेलं असतं, त्यामुळे माझ्या ओळखीची एकजात सगळी मराठी मंडळी सुरुवातीला लाजतात आणि गिळत सुटतात. चौथ्या वाइनला कान लाल होतात आणि मग बारोलोची किंमत काही त्यांना कळत नाही. घरी बेसिनमध्ये पाण्याने दोनदा सराव करा, झालं.

आता तुमच्या यादीकडे.

प्रोसेक्कोत बघायचं ते लेबलावरच्या शब्दात. 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली बाटली 'ब्रूत'पेक्षा गोड असते. हे उलटं वाटतं, पण नियमच तसा आहे: ब्रूतमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. बटाटेवड्याबरोबर मी एक्स्ट्रा ड्राय घेते, कारण मिरचीला थोडी साखर लागते. प्रोसेक्को हे पूर्वी द्राक्षाचंही नाव होतं. 2009 मध्ये ते ठरावीक प्रदेशापुरतं राखून द्राक्षाला ग्लेरा हे नाव दिलं गेलं, म्हणजे दुसऱ्या देशात कोणी तेच द्राक्ष लावून 'प्रोसेक्को' विकू नये. यापलीकडे इथे फार वेळ घालवू नका.

सोआवे उत्तर इटलीतल्या व्हेरोना शहराच्या पूर्वेकडची, गार्गानेगा द्राक्षाची. ती फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर नाकाला काहीच लागणार नाही. ग्लासाचा पेला दोन्ही तळहातांत धरून पाच मिनिटं थांबा. मग नासपती, थोडं लिंबूवर्गीय आणि गिळल्यावर शेवटी बदामाच्या सालीसारखी कडसर झाक येते. ही कडसर झाक दोष नाही. बऱ्याच इटालियन पांढऱ्या वाइन्सचा तो स्वभावच आहे आणि तळलेल्या माशाबरोबर तोच कामाला येतो. 'क्लासिको' शब्द मात्र बघून घ्या. त्याचा अर्थ मूळचा जुना डोंगराळ पट्टा. सोआवेचं नाव सपाटीवरच्या भरमसाठ पिकाने बदनाम झालं होतं, डोंगरातल्या लोकांनी ते सावरलं.

तुमच्या घरासाठी खरी वाइन तिसरी, बार्बेरा. इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतातली रोजच्या जेवणाची तांबडी. तिच्यात आंबटपणा भरपूर आणि टॅनिन अगदी कमी. टेस्टिंगच्या टेबलावर ती कधीच पहिली येत नाही. एकटी प्यायली तर थोडी चरचरीत लागते आणि लोक पुढे सरकतात. पण मटणाच्या रश्श्यापुढे ती चालते, आणि कारण साधं आहे: तिखट आणि तुरट एकत्र आले की तोंडात भांडण होतं, अल्कोहोल जास्त असेल तर मिरचीचा जाळ आणखी वाढतो, पण आंबट रश्श्याला सावरून घेतं. आपण मटणावर लिंबू पिळतोच की. मागच्या वेळी तुमची जी बाटली फसली ती बहुधा जड, ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली, 14-15 टक्के अल्कोहोलची असणार.

कियान्ती क्लासिकोच्या बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा असतो. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधला हा डोंगराळ भाग. 1716 मध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने फर्मान काढून कियान्तीची हद्द आखून दिली. वाइनच्या प्रदेशाची इतक्या लवकर कायद्याने आखणी फार थोड्या ठिकाणी झाली. नुसतं 'कियान्ती' आणि 'कियान्ती क्लासिको' या आज दोन वेगळ्या वाइन्स आहेत, पहिली आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या भागात होते. क्लासिकोमध्ये किमान 80 टक्के सान्जोवेझे द्राक्ष लागतं. चव शोधताना इंग्रजी पुस्तकं 'आंबट चेरी' म्हणतात. मला ते चेरी प्रकरण इथे येईपर्यंत माहीतच नव्हतं. माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून 'आमसूल' लिहिलेलं आहे. आमसूल, सुकलेला पाला आणि मागून मध्यम तुरटपणा. तुमच्या वहीतही तुमचेच शब्द लिहा. दुसऱ्याने 'ब्लॅककरंट' म्हटलं म्हणून तो वास तुमच्या नाकात उगवत नाही.

हे सान्जोवेझे आपल्याकडे अकलूजलाही आहे, सोलापूर जिल्ह्यात. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची या तीन घरांतल्या भावांनी मिळून सुरू केलेल्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत ते लावलेलं आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊच. पुढच्या सुट्टीत घरी गेलात तर एक बाटली घ्या आणि कियान्तीच्या शेजारी ठेवून बघा. एकच द्राक्ष दोन उन्हांत किती वेगळं पिकतं ते कळतं.

बारोलोपाशी थांबायला हवं, कारण टेबलावर तिच्यावर सगळ्यांत जास्त अन्याय होतो आणि सगळ्यांत जास्त पैसेही तिथेच वाया जातात. ग्लासात ओतली की रंग फिका दिसतो, कडेला विटकरी. शेजारचा कोणीतरी म्हणेलच की पाणी घातलंय का. नेब्बिओलो द्राक्षाचा रंगच तसा. वास मात्र वाळलेल्या गुलाबपाकळ्यांचा, आणि त्यामागे नव्याने डांबर टाकलेल्या रस्त्याचा. एकत्र ऐकायला विचित्र, नाकाला मोहक. मग घोट घेतला की सुपारीच. बारोलोला विक्रीपूर्वी किमान 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले 18 लाकडाच्या पिंपात, आणि तरीही ती दुकानात येते तेव्हा बहुधा तरुणच असते. शिवाय दुकानदाराने कार्यक्रमाआधी पाच मिनिटं बूच काढलं असेल तर ती तोंडच उघडत नाही. म्हणून पोचल्यावर आधी विचारा, "बारोलो कधी उघडली?" उत्तर "आत्ताच" असेल तर तुमचा घोट ग्लासातच ठेवून द्या आणि तासाभराने परत या. दुकानदार चांगला असेल तर हा प्रश्न ऐकून तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

आणि बारोलो आवडली तरी लगेच घेऊ नका. त्याच दुकानात 'लांगे नेब्बिओलो' आहे का बघा. तेच द्राक्ष, त्याच टेकड्यांच्या परिसरातलं, कमी मुरवलेलं आणि बरंच स्वस्त. बारोलो ज्याला खाऊन-पिऊन बघायची आहे त्याने तिथून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मटणाचा रस्सा नेब्बिओलोला नको, पण कमी तिखट, तुपात परतलेली मश्रूम किंवा मंद आचेवर शिजवलेलं सुकं मटण चालेल.

शेवटची अमारोने. माझं माहेर तासगावकडचं, त्यामुळे या वाइनशी माझं वेगळंच नातं आहे. व्हेरोनाच्या वरच्या वाल्पोलिचेल्ला टेकड्यांत कोर्विना आणि तिच्यासोबतची द्राक्षं तोडून हवेशीर माळ्यांवर तीन-चार महिने सुकवतात. वजन एक तृतीयांश किंवा जास्तच घटतं, मग त्याची वाइन. पहिल्यांदा तो माळा बघितला तेव्हा मला आमच्या बेदाण्याच्या शेडचीच आठवण झाली. तशाच मांडण्या, तसाच गोड दर्प, आणि पावसाळी हवा आली की तसाच जीव टांगणीला. फरक इतकाच की आमच्याकडे द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, सालीवरचं मेण निघतं आणि बेदाणा दोन-तीन आठवड्यांत तयार होतो. तिकडे मुद्दाम काही करत नाहीत, हळू सुकू देतात, आणि बेदाण्याइतकं कोरडं होण्याच्या आधीच चेपतात.

असल्या द्राक्षांतून 15-16 टक्के अल्कोहोलची, जाड, मनुकांसारखी वाइन होते. शनिवारी ती सर्वांत शेवटी येईल आणि सगळं टेबल तिच्या प्रेमात पडेल. माझ्या दुकानात कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांत जास्त विकली जाते ती हीच, आणि आठवड्याने "अर्धी बाटली उरली हो, आता काय करू?" असं विचारत गिऱ्हाईक येतं तेही हिच्याबद्दलच. दोष वाइनचा नाही. ती थंडीच्या रात्री मुरलेल्या चीजबरोबर इवल्या ग्लासात प्यायची गोष्ट आहे. कोल्हापुरी रश्श्याबरोबर ती म्हणजे आगीत तेल. माझा सल्ला असा की अमारोने ओतायच्या आधीच काय घ्यायचं ते ठरवून यादीवर खूण करा. तिच्यानंतर मागची प्रत्येक वाइन पाणचट वाटते, आणि नेमकी त्याच क्षणी दुकानदार ऑर्डरचा कागद फिरवतो. हा योगायोग नसतो.

बिघडलेल्या वाइनबद्दल एक सांगते. बुचामुळे कधीकधी वाइनला एक दर्प लागतो, टीसीए नावाच्या रसायनाचा. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम पुरतात. पावसाळ्यात भिजलेला पुठ्ठा किंवा दमट कपाटातली जुनी वही, तसा वास. एकदा मीच गडबडीत न हुंगता अर्ध्या टेबलाला अशी बारोलो वाढली. बारा जण ग्लास फिरवत "इंटरेस्टिंग" म्हणत होते. कोपऱ्यातला एक इलेक्ट्रिशियन, आयुष्यातली पहिलीच टेस्टिंग, हळूच म्हणाला, "माझ्या तळघरासारखा वास येतोय." तोच बरोबर होता. मी सगळ्यांचे ग्लास परत घेतले आणि नवी बाटली फोडली. तेव्हा पुठ्ठ्याचा वास आला तर बिनधास्त बोला. घरी उघडलेली बाटली अशी निघाली तरी ओतून देऊ नका, बूच लावून तशीच परत न्या. धड दुकानदार बदलून देतो.

पैशांचं गणितही समजून घ्या, कारण इंग्लंडात ते विशेष आहे. ऑगस्ट 2023 मध्ये साध्या वाइनच्या बाटलीवरची ड्यूटी (दारूवरचा सरकारी कर) 2.67 पौंड झाली. फेब्रुवारी 2025 पासून ती अल्कोहोलच्या प्रमाणात बदलते, वाइन जितकी कडक तितकी जास्त. पण हिशेबापुरता 2.67 चाच आकडा धरू. 6 पौंडांच्या बाटलीत 1 पौंड व्हॅट आणि 2.67 ड्यूटी गेली की उरतात 2.33. त्यात काच, बूच, वाहतूक, आयातदार, दुकानाचं भाडं आणि कुठेतरी तळाशी वाइन. 15 पौंडांच्या बाटलीत व्हॅट 2.50, ड्यूटी तीच, उरतात 9.83. किंमत अडीच पट, उरलेली रक्कम चौपटीहून जास्त. म्हणून महिन्यात चार स्वस्त बाटल्या घेण्यापेक्षा 12 ते 18 पौंडांच्या दोन घ्या. त्याच्या वर गेलात की बऱ्याचदा नावाचे पैसे लागायला लागतात, आणि बारोलोसारख्या नावाचे तर लागतातच.

दुकानदाराशी बोलताना "चांगली कोणती?" असं विचारू नका, त्याच्यासाठी सगळ्याच चांगल्या. "15 पौंडांपर्यंत, मटणाचा तिखट रस्सा आणि भाकरी, गोड नको, जड नको" असं सांगा. रस्सा म्हणजे काय ते माहीत नसेल तर सांगा की सुकं खोबरं, कांदा, लाल मिरची, गरम मसाला. समोरचा दोन मिनिटं विचार करेल आणि जी बाटली काढेल तिच्यावर त्याची परीक्षा होईल. आणि नावं घेताना घाबरू नका. कियान्तीतला आणि तोस्कानातला 'त', हा दंत्य उच्चार आपल्याला जन्मजात येतो. इंग्रजांच्या 'ट'पेक्षा आपलं इटालियन बरं असतं. फक्त मोन्तेपुल्चानोला सावध राहा. 'मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो' यात ते द्राक्षाचं नाव आहे, आणि 'व्हिनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो' यात गावाचं, त्या वाइनमधलं मुख्य द्राक्ष सान्जोवेझेच. पहिली स्वस्त, गोलसर, भरल्या वांग्याबरोबर मस्त. दुसरी महाग. घाईत एकीऐवजी दुसरी उचलणारे मी दर महिन्याला बघते.

रविवारी बार्बेरा उघडाल तेव्हा अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. इथल्या हीटिंग लावलेल्या घरात तांबडी वाइन फार कोमट होते आणि अल्कोहोल नाकात जातं. आधी रश्श्याचा घास, मग घोट. बाटली संपली नाही तर बूच लावून परत फ्रिजमध्ये ठेवा. मंगळवारी पिठल्याबरोबर ती तितकीच चांगली लागेल, कदाचित जास्तच.